पाचव्या गाण्यातली बाई

रत्नागिरीत माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे असं सांगितलं की मुंबईचे पाहुणे हटकून विचारायचे, "इथं रेकॉर्ड करण्यासारखं असतं तरी काय?" वाटायचं, यांना आठवडाभर माझ्या खुर्चीत बसवावं. जाखडीचे शाहीर, नमनातल्या गवळणी, भजनी बुवा, निवडणुकीच्या रिक्षांवरचे प्रचार, सगळं माझ्या त्या गाद्या ठोकलेल्या खोलीतून बाहेर पडायचं. एक बुवा माइकला हार घातल्याशिवाय तोंड उघडत नसत. मग हाराची फुलं सळसळायची आणि मी त्यांना सबंध अभंग पुन्हा म्हणायला लावायची. मिरकरवाड्याच्या एका मासे विकणाऱ्या मावशींना मसाल्याच्या जाहिरातीसाठी बोलावलं होतं. म्हटलं, "मावशी, जरा हळू." त्या म्हणाल्या, "हळू बोलून म्हावरं खपतं व्हय?" शेवटी त्यांना दाराबाहेर उभं केलं, दार उघडं ठेवलं, तेव्हा कुठे जाहिरात झाली.

हे सगळं मी हसत सांगते. एका कामाबद्दल बोलताना मात्र माझा आवाज आपोआप खाली येतो. स्टुडिओ बंद केला, त्या खोलीत आता भाची शिवणाचे क्लास घेते, पण त्या कामाचं मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही.

लोटे औद्योगिक वसाहतीतून चौघे आले होते. चौघेही केमिकल कंपन्यांत पाळ्या करणारे आणि पाळी नसेल तेव्हा बँड वाजवणारे. गाणारा आणि म्होरक्या निखिल शिगवण, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, म्हणजे कंपनीतले मीटर आणि गेज सांभाळणारा. ड्रमवर अल्तमश, तो बॉयलरवर कामाला. बाकी दोघे गिटारवाले. ते वाजवायचे पुष्कळ आणि बोलायचे जवळजवळ नाहीच. बँडचं नाव 'गंज'.

मी विचारलं, "आमटीचा का रे?"

"लोखंडाचा, काकी," निखिल गंभीरपणे म्हणाला.

त्यांच्या संगीताला इंडस्ट्रियल मेटल म्हणतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांना मी असं सांगते: गिटारी इतक्या जोरात की दातांना कळाव्यात, आणि तालाला कारखाना. लोखंडी पत्रे, साखळ्या, व्हॉल्व्ह, मशीनची धडधड. गाणारा गात नाही, ओरडतो. पहिल्या दिवशी मी कानांवर हात ठेवले. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की ही मुलं दिवसभर जे ऐकतात तेच वाजवतायत. शेतावरच्या बाईनं भाताचं गाणं म्हणावं, तसं हे त्यांचं कामाचं गाणं. मग माझे कान मोकळे झाले.

अल्बमचं नाव 'भोंगा'. कारखान्याचे आवाज त्यांना खऱ्या कारखान्यातूनच हवे होते. चालू कंपनीत कोण येऊ देणार? पण लोटे परिसरात बंद पडलेल्या कंपन्याही आहेत. त्यांतल्या एकीच्या शेडवर निखिलचे मामा राखणदार होते. चिपळूणच्या दोन स्टुडिओवाल्यांनी धुळीत माइक न्यायला नकार दिला, म्हणून हे माझ्याकडे आले. माझे वडील लग्नाकार्यांत लाउडस्पीकरचे कर्णे भाड्यानं द्यायचे. फणसाच्या झाडावर चढून कर्णे बांधणाऱ्या मुलीला धुळीचं काय?

आम्ही भर दुपारी गेलो. शेड लांबच लांब, छपराचे पत्रे जागोजागी फाटलेले, आत गवत उगवलेलं. मधोमध एक सिमेंटचा ओटा होता, त्यावर आम्ही डबे ठेवले. दोन माइक दोन टोकांना लावले. मुलांनी केमिकलचे रिकामे ड्रम बडवले, साखळ्या ओढल्या, गंजलेले व्हॉल्व्ह किंचाळेपर्यंत फिरवले. सगळं मनासारखं झालं.

मग मी म्हटलं, "आता कुणी हलायचं नाही. मला शांतता घ्यायची आहे."

हे आमच्या धंद्यातलं अगदी साधं काम. प्रत्येक जागेला तिची तिची शांतता असते. देवळाच्या गाभाऱ्याची वेगळी, शाळेच्या रिकाम्या वर्गाची वेगळी. गाणं कापून जोडताना मधल्या फटीत त्याच जागेची शांतता भरावी लागते. नुसती कोरी फट ठेवली तर ऐकणाऱ्याला कानात बोळा बसल्यासारखं होतं. म्हणून काम संपलं की सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करायचं आणि रिकामी जागा रेकॉर्ड करायची.

आम्ही उभे राहिलो. वाराही नव्हता. गवत हललं नाही, कावळा ओरडला नाही. मी हेडफोन काढले तेव्हा अल्तमशच्या हातावर काटा उभा होता. तो म्हणाला, "थंडी वाजली का ओ एकदम?" उकाड्यानं आमचे कपडे अंगाला चिकटले होते.

निखिलनं ती शांतता फटी भरायला वापरली नाही. तिचा आवाज खूप वाढवून त्यानं ती पाचव्या गाण्याच्या तळाशी अंथरली. गाण्याचं नाव 'शेड'. गिटारी थांबल्या की खालून एक घुमणारा सूर यायचा. मिक्सिंग करताना त्यात मला काहीतरी वरखाली होताना ऐकू आलं.

"हे काय आहे?"

"पोकळ पाइपांतला घुमार असेल, काकी. मस्त वाटतंय. राहू दे."

मीही राहू दिलं.

अल्बम इंटरनेटवर आला. सुरुवातीला त्यांच्या मित्रांनी आणि नातेवाइकांनी ऐकला. मग पुण्याच्या एका संगीताच्या वेबसाइटवर परीक्षण आलं. ड्रम उत्तम, गिटारींवर परदेशी बँडची छाप, शब्द कच्चे, असं सगळं रोखठोक लिहिलं होतं. शेवटी मात्र विचारलं होतं की पाचव्या गाण्यात मागे गाणारी बाई कोण? अल्बमची सगळी उंची तिच्यात आहे, आणि तिचंच नाव कुठे कसं नाही?

निखिलनं ते मला मोबाइलवर दाखवलं आणि हसला. "बाई म्हणे!"

मग स्वीडनमधल्या एकाचं परीक्षण आलं. त्यानं लिहिलं होतं की यंत्रांच्या खाली एक स्त्री मुलाला निजवल्यासारखी गाते, भाषा कळत नाही पण काळीज हलतं. मुंबईच्या एका समीक्षकानं याच गोष्टीवरून अल्बम फाडला. बाईचा हा आवाज म्हणजे भुताच्या सिनेमातला स्वस्त मसाला, असं त्याचं म्हणणं. एका मराठी रविवार पुरवणीनं लिहिलं की रत्नागिरीच्या मातीतल्या या अनाम गायिकेला सलाम. कुणाचं कौतुक, कुणाची टीका, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. पाचव्या गाण्यात बाई आहे.

माझ्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, तुम्हीच गायलात ना? आम्हाला तरी सांगायचं!"

आता मला हसू येईना. गाणाऱ्याचं नाव न देणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात हलकी गोष्ट. मी मूळ रेकॉर्डिंग काढलं, गिटारी नाहीत, ड्रम नाहीत, नुसती ती शांतता. दार लावून ऐकलं. घुमार होता, आणि घुमाराच्या आत बाई होती. शब्द कळत नव्हते. चाल होती. एका ओळीत मधेच दम लागल्यासारखी थांबायची आणि पुन्हा धरायची.

मी कारणं शोधली. केबलमध्ये कधीकधी रेडिओ शिरतो, पण तसा आवाज खरखरीत असतो. बाहेर कुणी गवत कापत असेल? निखिलचे मामा म्हणाले, त्या दुपारी आवारात आम्ही सोडून कुणी नव्हतं. मग मी दोन्ही माइकचे आवाज शेजारीशेजारी लावले. आवाज ज्या माइकच्या जवळ असतो तिथं आधी पोचतो आणि मोठा येतो. ही बाई दोन्हीकडे एकाच क्षणी येत होती, अगदी सारखी. म्हणजे ती शेडच्या बरोब्बर मधे होती. आम्ही डबे ठेवले होते त्या ओट्यावर.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि बाहेर अंगणात जाऊन बसले.

त्यानंतर एक फोन आला, निखिलच्या मामांकडून माझा नंबर घेऊन. "भुवड बोलतोय. मी त्या कंपनीत सुपरवायझर व्हतो. माझ्या नातवानं ते गाणं लावलं व्हतं." मग त्यांनी विचारलं, "म्याडम, इंदूचा आवाज कुठनं गावला तुमाला?"

"कोण इंदू?"

"आमच्यात ठेकेदाराकडं व्हती. केमिकलचे ड्रम धुवायची. मधल्या ओट्यावर बसून दिवसभर गायची. मशीन चालू आसली तरी आमाला आयकू यायची."

"त्या वारल्या का?"

"नाय ओ! हाय की. मंडणगडाकडं लेकीजवळ ऱ्हाते. पण ती गात नाय आता. तिला आवाजच नाय."

भुवडांनी सांगितलं, एका ड्रमच्या तळाशी काहीतरी उरलं होतं. पाणी ओतल्याबरोबर वाफ उसळली आणि इंदूबाईंच्या तोंडावर आली. जीव वाचला, घसा जळला. हे झालं तेव्हा निखिल शाळेत होता. पुढे कंपनी बंद पडली.

भुवड म्हणाले, "तेवाच्या काळात आमच्यापाशी रेकॉर्डिंगचे फोन नव्हते, म्याडम. तिचा आवाज कुणीच घेतलेला नाय."

मी निखिलला बोलावून सगळं सांगितलं. तो रत्नागिरीला आला तोच एक बातमी घेऊन. स्वीडनच्या एका छोट्या कंपनीला 'भोंगा'ची तबकडी काढायची होती, जुन्या पद्धतीची, काळी. अट एकच, पाचवं गाणं आहे तसं हवं. मुलांच्या आयुष्यात एवढं मोठं पहिल्यांदाच घडत होतं. माझं ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"काकी, त्या बाईंना विचारायला हवं ना?"

"हवंच," मी म्हटलं.

इंदूबाईंचं घर मंडणगडच्या पुढे, डोंगराच्या उतारावरच्या वाडीत. आम्ही पोचलो तेव्हा त्या अंगणात कुळीथ पाखडत होत्या. सडपातळ, केस पूर्ण पांढरे, गळ्याशी डाग. लेक सुरेखा अंगणवाडीत मदतनीस, ती नुकतीच परतली होती. मी कोण, कशासाठी आले, ते सांगितलं. सुरेखाला अर्धंच पटलं. इंदूबाई सूप बाजूला ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मी त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवले आणि ती शांतता लावली.

आधी काहीच झालं नाही. मग त्यांचे ओठ हलायला लागले. कानातली चाल मला पाठ झाली होती, त्यामुळे लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघून मला कळत होतं की आवाज कुठवर आलाय. त्यांचे ओठ आवाजाच्या किंचित आधी हलत होते. आधी ओठ, मग आवाज. मागून आठवून म्हणणाऱ्याचं असं होत नाही.

मी वाकून कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. नुसती हवा येत होती, पण हवेत शब्द होते.

"सड्यावरच्या कातळात पान्याचं गं झरं, माज्या लेकीच्या पायाला टोचतील गं खडं..."

रेकॉर्डिंग संपलं. स्क्रीनवरची रेघ टोकाला जाऊन थांबली. इंदूबाई थांबल्या नाहीत. डोळे मिटून त्या मान हलवत होत्या, ओठ चालू होते, मधेच त्या हसल्या. निखिलनं माझा हात धरला. त्या अजून ऐकत होत्या.

शेवटी मी हळूच हेडफोन काढले आणि स्वतःच्या कानाला लावले. काही नव्हतं.

सुरेखानं ते माझ्या हातातून ओढून घेतले. "मला लावा."

मी पुन्हा लावलं. पहिल्याच ओळीला ती मटकन खाली बसली. संपलं तेव्हा हेडफोन उंबऱ्यावर ठेवले आणि माझ्यावर उलटली.

"मी रडायला लागले की आई हेच म्हणायची. आणि हे तुमी जगभर वाजवताय? लोक त्याला चांगलं-वाईट म्हणतायत? आमाला न विचारता?"

"आम्हाला माहीत नव्हतं, ताई," निखिल म्हणाला.

"आता झालं ना माहीत? काढून टाका."

निखिल खाली मान घालून उभा राहिला. त्याच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. ती तबकडी, ते परदेशी नाव. तो म्हणाला, "काढतो." एवढा एकच शब्द, पण तो म्हणताना या मुलाला किती जड गेलं असेल, ते मी त्याच्याजवळ उभी होते म्हणून मला कळलं.

इंदूबाईंनी सुरेखाच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून हवेच्या आवाजात म्हणाल्या, "मला तितं न्या."

पुढच्या रविवारी आम्ही त्यांना शेडवर नेलं. सुरेखा आईचा दंड सोडत नव्हती. फाटकाशी भुवड उभे होते. इंदूबाईंना बघून त्यांनी हात जोडले. त्या म्हणाल्या, "म्हातारा झालास रं," आणि भुवडांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी माइक लावले, पहिल्यासारखेच दोन टोकांना. इंदूबाई एकट्या आत गेल्या. चप्पल बाहेर काढून ठेवली होती. ओट्यापर्यंत चालत गेल्या, त्याच्यावर हात फिरवला, बसल्या. मी हेडफोन लावून दाराशी उभी होते. मला घुमार ऐकू येत होता आणि त्यात ती बाईही, रेकॉर्डिंगमधल्यापेक्षा कितीतरी स्पष्ट. समोर इंदूबाई बसल्या होत्या आणि त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

हेडफोन काढावेसे वाटले, पण काढले नाहीत. माझं काम ऐकण्याचं होतं.

मग इंदूबाईंनी तोंड उघडलं. गायला नाही, तहानेल्या माणसानं ओंजळीशी तोंड न्यावं तसं. आणि माझ्या कानातला आवाज थांबला. हळूहळू विरला नाही. कुणी मधेच हाक मारली म्हणून गाणारी गप्प होते, तसा थांबला. शेडमध्ये एकदम वाऱ्याची झुळूक आली, पत्रे वाजले, बाहेर दुसऱ्या कंपनीच्या बसचा हॉर्न ऐकू आला. जागा साधी झाली.

त्या उठून आमच्यापाशी आल्या. चप्पल घातली. "चला. हितं काय नाय आता," म्हणाल्या. आवाज तसाच, हवेचा.

घरी येऊन मी सगळ्यात आधी मूळ रेकॉर्डिंग लावलं, महिनोन्महिने ऐकलेलं. घुमार होता. बाई नव्हती. जपून ठेवलेली दुसरी प्रत काढली, तिच्यात नव्हती. इंटरनेटवरचं गाणं लावलं, तिथंही नव्हती. निखिलला फोन केला.

"गाणं काढलंस का तू? की बदललंस?"

"अजून हातच लावला नाही, काकी. सुट्टीच्या दिवशी काढणार होतो."

"ऐक."

त्यानं ऐकलं. मग तो म्हणाला, "अल्तमशला बोलावतो," आणि फोन ठेवला. अल्तमशलाही बाई सापडली नाही. एका गिटारवाल्याला मात्र ती थोडीशी ऐकू येते, असं तो आजही म्हणतो. मला येत नाही.

मग परीक्षणं उलटली. चाहत्यांनी आरडाओरडा केला की बँडनं दबावाखाली गाणं कापलं. पुणेकरानं लिहिलं की हा कलेचा खून आहे. अल्बम फाडणाऱ्या मुंबईकरानं मात्र आता कौतुक केलं. मसाला काढल्यामुळे गाणं प्रामाणिक झालं, असं त्याचं मत. एका मुलीनं खाली लिहिलं की आपण हे गाणं आजारी वडिलांच्या उशाशी लावायचो, कृपा करून ती बाई परत आणा. ते वाचून निखिल दोन दिवस कामावर गेला नाही. सुरेखानं नंतर स्वतःच कळवलं की आता आईचा आवाज त्यात नाही, तर गाणं राहू दे. पण स्वीडनच्या कंपनीनं तबकडीचा बेत सोडला. त्यांनी सभ्यपणे पत्र लिहून विचारलं, ती स्त्री का गेली?

"काय लिहू, काकी?"

"लिही, ती घरी गेली."

निखिलनं तेच लिहिलं. पुढे त्याला गुजरातमध्ये मोठ्या प्लांटवर नोकरी मिळाली, अल्तमश सौदीला गेला आणि 'गंज' संपला. मला वाईट वाटतं. त्या मुलांत दम होता. बाई नसती तरी तो अल्बम चांगलाच होता, पण तसं लिहिणारा एकही समीक्षक त्यांना भेटला नाही. कुणी ऐकायला आलाच तर पाचव्या गाण्यापाशी थांबतो आणि जे नाही ते शोधत बसतो.

मागच्या महिन्यात सकाळी सुरेखाचा फोन आला.

"मॅडम, कामात आहात?"

"नाही गं. बोल."

"मला कळत नाय, मला भास होतोय का खरं आहे. तुमचे कान चांगले आहेत. मी फोन खिडकीत ठेवते. आई परसात आहे. तुमी सांगा."

तिनं फोन ठेवल्याचा आवाज आला. मी पदरानं दुसरा कान बंद केला. कोंबड्या कुरकुरत होत्या. खराट्याचे फराटे, एक, मग थोडं थांबून दुसरा. लांब कुठेतरी कुणी लाकूड फोडत होतं. आणि फराट्यांच्या मधे, अगदी बारीक, घोगरी, चुलीतल्या ओल्या लाकडासारखी धुसफुसत, कुणीतरी चाल धरत होतं. सुटायची, पुन्हा धरायची.

सवयीनं माझं बोट मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगच्या बटणाकडे गेलं. मी ते बाजूला घेतलं आणि हात मांडीखाली दाबून बसले.

सुरेखा परत फोनवर आली. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"तेच आहे ना? लेकीचं गाणं?"

"नाही गं," मी म्हटलं. "हे दुसरंच आहे. हे मी कधी ऐकलेलं नाही."